ओरॅकल रॅक: साध्या इथरनेटवर नोड वारंवार बाहेर पडतो, ब्लॉक हरवतात, तर तपास कुठून सुरू करायचा

हा लेख लिनक्सवरच्या दोन-तीन नोडच्या ओरॅकल रॅकसाठी आहे. आवृत्ती ११.२ पासून १९सी पर्यंतची, आणि नोडना जोडणारं खासगी जाळं म्हणजे इंटरकनेक्ट साध्या गिगाबिट किंवा दहा गिगाबिट इथरनेट स्विचवर चालणारं. ‘रॅक’ म्हणजे इथे रिअल अ‍ॅप्लिकेशन क्लस्टर्स. त्यात एकच डेटाबेस अनेक सर्व्हर मिळून चालवतात, आणि असा प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. सर्व्हर ज्यात बसवतात त्याला गोंधळ टाळण्यासाठी कपाट म्हटलंय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘दोन नंबरचा नोड परत रिबूट झाला.’ पण या एका वाक्याखाली चार वेगळे बिघाड असतात. आधी ते ओळखा.

पहिला: नोड खरोखर बाहेर फेकला जातो. क्लस्टरवेअरच्या (नोडना एकत्र बांधणारं ओरॅकलचं सॉफ्टवेअर) अलर्ट लॉगमध्ये ओळीने तीन संदेश येतात. सीआरएस-१६१२ म्हणजे समोरच्या नोडशी संपर्क तुटून ठरलेल्या मुदतीतला ५० टक्के वेळ गेला, सीआरएस-१६११ म्हणजे ७५ टक्के, सीआरएस-१६१० म्हणजे ९० टक्के. मुदत असते ३० सेकंदांची, त्यामुळे पहिल्या संदेशात ‘सुमारे १४ सेकंदांत हा नोड काढला जाईल’ अशा अर्थाची ओळ दिसते. ११.२.०.२ पासून क्लस्टरवेअर आधी रिबूट न करता फक्त आपला स्टॅक बंद करून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतं. म्हणून ‘मशीनचा अपटाइम तर तसाच आहे’ एवढ्यावरून नोड बाहेर पडला नाही असं समजू नका.

दुसरा: कोणी पडत नाही, पण सगळं अडखळतं. एडब्ल्यूआर म्हणजे डेटाबेसच्या कामगिरीच्या अहवालात ‘जीसी सीआर ब्लॉक लॉस्ट’ किंवा ‘जीसी करंट ब्लॉक लॉस्ट’ हे वेट, म्हणजे थांबण्याची कारणं, वरच्या ओळींत येतात. एरवी दुसऱ्या नोडकडून एक-दोन मिलिसेकंदांत येणारा ब्लॉक (डेटाबेसच्या डेटाचं ठरावीक आकाराचं एकक) हरवला की तो पुन्हा मागावा लागतो, आणि तोवर ते सेशन थांबून राहतं.

तिसरा: नोड चालू राहतो, पण त्यावरचा डेटाबेस इन्स्टन्स (त्या नोडवर चालणाऱ्या डेटाबेसच्या प्रोसेस आणि मेमरी) पडतो. लॉगमध्ये ओआरए-२९७४० किंवा ‘आयपीसी सेंड टाइमआउट’ दिसतं.

चौथा: रिबूटनंतर नोड क्लस्टरमध्ये परत येतच नाही. ओसीएसएसडीच्या (कोणते नोड जिवंत आहेत यावर नजर ठेवणारी क्लस्टरवेअरची प्रोसेस) लॉगमध्ये ‘हॅज अ डिस्क एचबी, बट नो नेटवर्क एचबी’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते (एचबी म्हणजे हार्टबीट, ‘मी जिवंत आहे’ असं सांगणारा संदेश). म्हणजे डिस्कवरून समोरचा नोड जिवंत दिसतो, तारेवरून दिसत नाही.

एका तारेवर दोन वाहतुकी

हे कळलं की निम्मा तपास झालाच म्हणून समजा. इंटरकनेक्टवरून हार्टबीट जातो: लहानसा संदेश, दर सेकंदाला एक. तो बंद पडायला सलग ३० सेकंद काहीच पोचता कामा नये. अधूनमधून एखादं पॅकेट गळालं तरी हार्टबीटला काही होत नाही.

त्याच तारेवरून डेटाबेसचे ब्लॉक जातात, यूडीपीने (पोचल्याची खात्री न करता पाठवण्याची पद्धत). ब्लॉक ८ केबीचा आणि एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० असेल तर एका ब्लॉकचे सहा तुकडे होतात, कारण एका तुकड्यात आयपी हेडर वगळून १४८० बाइटच मावतात. सहापैकी एक गळाला तर उरलेले पाच व्यवस्थित येऊनही उपयोग नाही, सगळा ब्लॉक टाकून द्यावा लागतो. हजारात एक तुकडा गळणारी तार हार्टबीटच्या दृष्टीने ठणठणीत असते. डेटाबेसच्या दृष्टीने तीच तार हजारात जवळपास सहा ब्लॉक हरवते.

तेव्हा ब्लॉक हरवताहेत पण हार्टबीट नीट आहे, तर केबल, सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेमची नोंद), बफर, तुकड्यांची जुळणी यांकडे बघा. हार्टबीट तुटतो पण ब्लॉक हरवल्याची नोंद नाही, तर लिंक पूर्ण बंद होणं, स्विचचं स्पॅनिंग ट्री (जाळ्यात वाहतुकीचं वर्तुळ होऊ नये म्हणून काही वाटा बंद ठेवणारी यंत्रणा) किंवा नोडच सीपीयू-मेमरीविना गोठणं यांचा संशय आधी घ्या.

आणखी एका गोष्टीने फार लोकांची फसगत होते. दोन नोडमधला संपर्क तुटला की दोघांपैकी एकालाच ठेवता येतं, आणि बरोबरीच्या लढतीत जुन्या आवृत्त्या लहान क्रमांकाचा नोड ठेवतात. १२.२ पासून कोणावर किती काम चालू आहे याचं वजनही धरलं जातं. त्यामुळे नेहमी दोन नंबरचाच नोड पडतो यावरून बिघाड दोन नंबरमध्येच आहे हे सिद्ध होत नाही. तार पहिल्या नोडची तुटलेली असली तरी बळी दुसऱ्याचाच जातो. याच गैरसमजातून दुसऱ्या सर्व्हरचा मदरबोर्डसुद्धा बदलला जातो, आणि आठवड्याने नोड पुन्हा पडतो.

आधी वेळ आणि लॉग

याला पैसे लागत नाहीत, पण उशीर केलात तर लॉग फिरून पुसले जातात. दोन्ही नोडवरचा क्लस्टरवेअरचा अलर्ट लॉग, ओसीएसएसडीचा लॉग, डेटाबेसचा अलर्ट लॉग आणि ‘/वार/लॉग/मेसेजेस’ बाजूला कॉपी करून ठेवा. मग घटनेच्या आधीच्या पाच मिनिटांतल्या ओळी दोन्ही नोडच्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘लिंक इज डाउन’ ही ओळ कुठे आहे, किती वाजता आहे, ती सीआरएस-१६१२ च्या साधारण १५ सेकंद आधी आहे का, हे बघा. तसं असेल तर पुढचा बराचसा तपास वाचतो.

दोन्ही नोडची घड्याळं जुळतात का तेही आत्ताच पाहा. नाहीतर लॉग जुळवताना चुकीच्या नोडला दोष लागतो. घटना ठरावीक वेळी होते का, रात्रीच्या बॅकअपला, महिनाअखेरच्या बॅचला की कपाटात कोणीतरी काम करत असताना, हे एका कागदावर लिहून ठेवा.

ब्लॉक खरंच खासगी तारेवरून जातात का?

‘ओआयएफसीएफजी गेटइफ’ चालवा. कोणतं जाळं ‘पब्लिक’ आणि कोणतं ‘क्लस्टर_इंटरकनेक्ट’ म्हणून नोंदलंय ते कळेल. मग डेटाबेसमध्ये ‘जीव्ही$क्लस्टर_इंटरकनेक्ट्स’ या व्ह्यूमधून प्रत्येक इन्स्टन्स प्रत्यक्षात कोणता पत्ता वापरतो ते पाहा. ११.२.०.२ पासून इथे सहसा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो एचएआयपीचा, क्लस्टरवेअरने स्वतः लावलेला असतो, त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते पब्लिक पत्ता दिसणं. कोणीतरी पूर्वी ‘क्लस्टर_इंटरकनेक्ट्स’ पॅरामीटर हाताने भरलेला असतो, पुढे आयपी बदलतो आणि पॅरामीटर तसाच राहतो. मग सगळ्या ऑफिसच्या वाहतुकीत ब्लॉकही धक्के खात फिरतात. एका नोडवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं जाळं असणंही तितकंच वाईट. पाच मिनिटांची तपासणी आहे, चुकवू नका.

केबल, प्लग, लिंकचा वेग

‘इथटूल ईथ१’ दोन्ही नोडवर चालवा. गिगाबिटवर वेग १००० (दहा गिगाबिटवर १००००) आणि डुप्लेक्स फुल, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक, दिसायला हवं. गिगाबिट पोर्टवर १०० दिसलं तर तिथेच थांबा. तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट चारही जोड्या वापरतं, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक जोडी तुटली की अनेक कार्डं गुपचूप १०० वर उतरतात, दिवा हिरवाच राहतो आणि पिंगही चालतं. काम वाढलं की मात्र तार भरून जाते आणि ब्लॉक गळायला लागतात.

वेग हाताने ‘फिक्स’ केलेला असेल तर तो काढून दोन्ही बाजूंना ऑटो ठेवा. एक बाजू १०० फुल अशी ठोकलेली आणि दुसरी ऑटो असली, तर ऑटो बाजूला समोरच्याचं डुप्लेक्स कळत नाही आणि ती हाफवर जाते. मग हाफ बाजूला लेट कोलिजन आणि फुल बाजूला सीआरसीच्या चुका साचत राहतात.

मग कपाटामागे जाऊन प्लग डोळ्यांनी बघा. आरजे-४५ चा चिमटा तुटलेला असेल तर तो प्लग नुसता अडकून राहिलेला असतो. गठ्ठ्याच्या वजनाने तो अर्धा मिलिमीटर खाली झुकला की एखादा कॉन्टॅक्ट सुटतो. कपाटाचं मागचं दार लावताना प्लगच्या रबरी टोपीवर दाब येतो का, तेही पाहा. दार उघडं असताना सगळं ठीक आणि लावल्यावर तासाभरात चुका सुरू, असा बिघाड याच कारणाने होतो आणि तो खोलीत उभं राहिल्याशिवाय सापडत नाही. कोकणपट्टीतल्या दमट हवेत हलक्या प्रतीच्या प्लगचे कॉन्टॅक्ट काळवंडतात. तिथे हाताने क्रिम्प केलेल्या केबलऐवजी कारखान्यातून तयार आलेली कॅट ६ पॅच कॉर्ड वापरा. गिगाबिटला कॅट ५ई ही किमान प्रत, आणि एकूण लांबी १०० मीटरच्या आत.

केबल बदलताना एक काळजी घ्या. इंटरकनेक्टची एकच तार असेल तर आधी त्या नोडवर ‘सीआरएससीटीएल स्टॉप सीआरएस’ देऊन क्लस्टर व्यवस्थित थांबवा. एक केबल काढून दुसरी लावायला दहा सेकंद लागतात, पण स्विचच्या पोर्टवर जुनं स्पॅनिंग ट्री चालू असेल तर लिंक आल्यावरही तो पोर्ट तीस सेकंद काही पुढे पाठवत नाही. नोड बाहेर पडायला तेवढं पुरतं.

दोन नोड स्विचशिवाय थेट एका केबलने जोडले असतील तर पुढचं वाचण्याआधी स्विच आणा. ओरॅकल अशा जोडणीला पाठिंबा देत नाही, आणि कारण सरळ आहे: एक नोड बंद झाला की दुसऱ्याच्या कार्डवरची लिंकही जाते, आणि बिघाड आपला की समोरच्याचा हे वाचलेल्या नोडला कळत नाही.

चुकांचे आकडे, दोन्ही टोकांचे

‘आयपी -एस लिंक शो ईथ१’ आणि ‘इथटूल -एस ईथ१’ (दुसऱ्यात एस कॅपिटल) चालवा, दहा मिनिटांनी पुन्हा चालवा आणि फरक काढा. सर्व्हर सुरू झाल्यापासून साचलेला आकडा काही सांगत नाही. आत्ता वाढतोय का, एवढंच महत्त्वाचं. सीआरसीच्या चुका वाढत असतील तर दोष तारेत, प्लगमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे. ‘मिस्ड’, ‘नो बफर’, ‘फिफो’ अशा नावांचे आकडे वाढत असतील तर पॅकेट कार्डापर्यंत आलं, पण उचलायला कोणी नव्हतं. नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात.

बहुतेक लोक इथे नोडवरचे आकडे शून्य बघून केबल निर्दोष ठरवतात. ते चुकीचं आहे. पहिल्या नोडपासून स्विचपर्यंतची तार खराब असेल तर बिघडलेली फ्रेम स्विचच्या पोर्टवर येते आणि साधारणतः स्विच ती तिथेच टाकून देतो. दुसऱ्या नोडला ती कधी दिसतच नाही. दोन्ही नोडचे आकडे स्वच्छ, आणि चूक फक्त स्विचच्या पोर्टवर नोंदलेली. म्हणून स्विचचे आकडे बघितल्याशिवाय ही पायरी पूर्ण होत नाही. स्विच नेटवर्कवाल्यांच्या ताब्यात असेल तर पोर्ट क्रमांक आणि वेळ देऊन त्यांच्याकडून सीआरसी आणि डिस्कार्डचे आकडे मागून घ्या.

कार्डाच्या रिंग बफरचा (आलेली पॅकेट उचलली जाईपर्यंत ठेवायची जागा) प्रश्न असेल तर ‘इथटूल -जी ईथ१’ (जी स्मॉल) कमाल आणि सध्याचं मूल्य दाखवतं. अनेक कार्डांवर सध्याचं २५६ किंवा ५१२ आणि कमाल ४०९६ असतं. कॅपिटल जीने ते वाढवता येतं, पण काही कार्डं त्या क्षणी लिंक एकदा पाडून उभी करतात. क्लस्टर थांबवूनच करा, आणि रिबूटनंतर टिकेल अशी सोय करून ठेवा.

एमटीयू: मोठं पॅकेट संपूर्ण वाटेवरून जातं का

जंबो फ्रेम म्हणजे एमटीयू ९००० वापरत असाल तर दोन्ही नोडवरून, दोन्ही दिशांनी हे चालवा: ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ आणि पुढे समोरचा खासगी पत्ता. पहिला एम कॅपिटल, एस स्मॉल. ८९७२ का, तर ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा. एमटीयू १५०० असेल तर आकडा १४७२.

साधं पिंग चालतं आणि हे चालत नाही, तर वाटेत कुठेतरी एमटीयू लहान आहे. बहुधा स्विचवर, किंवा दोन स्विचना जोडणाऱ्या लिंकवर. याचं लक्षण फसवं असतं: हार्टबीट लहान, म्हणून क्लस्टर छान उभं राहतं, दोन्ही नोड ‘ऑनलाइन’ दिसतात, आणि दुसरा इन्स्टन्स सुरू करताना नाहीतर पहिल्या मोठ्या क्वेरीला सगळं लटकतं.

जंबो फ्रेम लावाव्यात का? सगळी वाट तुमच्या हातात असेल तर जरूर. ८ केबीचा ब्लॉक सहाऐवजी एका फ्रेममध्ये जातो आणि तुकडे जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. स्विच आज तुमचा आहे आणि उद्या दुसरं कोणी बदलणार असेल तर १५०० वर नीट चालणारं जाळं अर्धवट जंबोपेक्षा कितीतरी चांगलं. बदल करायचाच तर आधी स्विच (तिथे बहुधा ९२१६ ठेवतात), मग सर्व नोड एकाच वेळी बंद करून प्रत्येकावर ९०००, मग वरचं पिंग, आणि त्यानंतरच क्लस्टर सुरू.

लिनक्समधले बफर आणि तुकड्यांची जुळणी

एमटीयू १५०० असलेल्यांसाठी ही सर्वांत फळणारी तपासणी आहे. ‘नेटस्टॅट -एस’ च्या आयपी भागात ‘पॅकेट रीअसेंबल्स फेल्ड’ ही ओळ शोधा आणि दहा मिनिटांतला फरक काढा. हा आकडा ‘जीसी ब्लॉक्स लॉस्ट’ या डेटाबेसच्या आकड्याच्या जोडीने वाढत असेल तर चोर सापडला: तुकडे येताहेत, पण कर्नल ते जुळवू शकत नाही.

कारण असं. सगळे तुकडे येईपर्यंत कर्नल ते एका राखीव जागेत ठेवतो. ती जागा ‘नेट.आयपीव्ही४.आयपीफ्रॅग_हाय_थ्रेश’ने ठरते. जोराच्या वाहतुकीत ती भरली की नवे तुकडे टाकून दिले जातात. ओरॅकल लिनक्स आणि रेड हॅट ६.६ नंतर हा त्रास खूप दिसला. उपाय: हाय थ्रेश १६७७७२१६ आणि लो थ्रेश १५७२८६४०. ‘सिसीटीएल’ने लगेच लागू होतं, रिबूट लागत नाही. ‘/ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ’ मध्ये लिहायला मात्र विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा हाच तपास नशिबी.

त्याच नेटस्टॅटच्या यूडीपी भागात ‘रिसीव्ह बफर एरर्स’ वाढत असेल तर तुकडे जुळले, पण सॉकेटच्या बफरमध्ये जागा नव्हती. ओरॅकलची ठरलेली मूल्यं तपासा: ‘आरमेम_डिफॉल्ट’ २६२१४४, ‘आरमेम_मॅक्स’ ४१९४३०४, ‘डब्ल्यूमेम_डिफॉल्ट’ २६२१४४, ‘डब्ल्यूमेम_मॅक्स’ १०४८५७६. ती आधीच बरोबर असतील आणि तरी चुका वाढत असतील तर बफर फुगवत बसू नका. वाचणारी एलएमएस प्रोसेस (नोडमध्ये ब्लॉकची देवाणघेवाण करणारी डेटाबेसची प्रोसेस) वेळेवर सीपीयू मिळवत नाहीये, हा त्याचा अर्थ. पुढे सीपीयूचा भाग बघा.

‘/प्रोक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट’ मध्ये प्रत्येक सीपीयूची एक ओळ असते, आकडे हेक्समध्ये. दुसरा स्तंभ टाकून दिलेल्या पॅकेटचा. एकाच सीपीयूचा वाढतोय आणि बाकीचे मोकळे, म्हणजे कार्डाचे सगळे इंटरप्ट एकाच्याच डोक्यावर आहेत. ‘आयआरक्यूबॅलन्स’ चालू आहे का बघा.

फायरवॉल, आरपी फिल्टर, आणि १६९.२५४ ची टक्कर

नोड परतच येत नाही, तर पहिला संशय इथे घ्या. खासगी इंटरफेसवर ‘फायरवॉलडी’ नको. बरेचदा ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केल्यावर तो पुन्हा चालू झालेला असतो.

दोन खासगी कार्डं वापरत असाल तर त्या दोन्हींवर ‘आरपी_फिल्टर’चं मूल्य २ ठेवा आणि दोघांना वेगवेगळे सबनेट द्या. मूल्य १ असेल तर एका वाटेने गेलेल्याचं उत्तर दुसऱ्या वाटेने आल्यावर कर्नल ते गपचूप टाकून देतो, लॉगमध्ये अक्षर उमटत नाही.

‘आयपी रूट’ बघा. १६९.२५४.०.० चा मार्ग खासगी कार्डाखेरीज आणखी कुठे जातोय का? काही सर्व्हरची व्यवस्थापन चिप यूएसबीवरून एक आभासी इथरनेट कार्ड तयार करते आणि त्यालाही १६९.२५४ मधलाच पत्ता मिळतो. एचएआयपीशी त्याची टक्कर होते. ते आभासी कार्ड बायॉसमधून किंवा चिपच्या सेटिंगमधून बंद करा. ‘अवाही-डीमन’ बंद ठेवा, आणि नेटवर्क फाइलमध्ये ‘नोझीरोकॉन्फ=येस’ घाला.

११.२.०.२ वर क्लस्टर उभं राहताना मल्टिकास्ट (एक संदेश एकाच वेळी अनेकांना पाठवणं) लागतं: २३०.०.१.०, पोर्ट ४२४२४. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टनाच देणं) चालू असून क्वेरियर (कोणाला हवंय हे विचारत राहणारा) नसेल तर ते काही वेळाने बंद पडतं. स्विच बदलल्यानंतर हे लक्षण आलं असेल तर इथूनच सुरुवात करा.

स्विच

इथून पुढचं काम एकट्या डीबीएचं नाही. नेटवर्कवाल्यांना सोबत घ्या.

स्पॅनिंग ट्रीचं गणित त्यांना समजावून सांगा. जुन्या ८०२.१डी मध्ये पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग वाहतूक सोडतो. एकूण ३० सेकंद, आणि नोड काढायची मुदतही ३० सेकंदच. म्हणजे जाळ्यात कुठेही बदल होऊन मार्ग पुन्हा ठरायला लागला की नोड पडलाच. सर्व्हर जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट, आणि स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री ठेवा. पोर्टफास्ट फक्त सर्व्हरच्या पोर्टवरच. दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टवर ते लावलं तर वाहतुकीचं वर्तुळ तयार होऊन सगळं जाळं बसेल.

दोन नोड दोन स्विचवर असतील तर त्या स्विचमधली लिंक किती भरते ते बघा. इंटरकनेक्टचं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं आभासी जाळं) वेगळं असलं तरी तार तीच असेल, तर रात्रीचा बॅकअप त्याच तारेवरून जातो आणि रात्री दोन वाजता नोड पडतो. व्हीलॅन वेगळं केल्याने वाहतूक वेगळी दिसते, रस्ता मात्र रुंद होत नाही.

बाँडिंग (दोन कार्डं बांधून एक म्हणून वापरणं) असेल तर ‘/प्रोक/नेट/बाँडिंग/बाँड१’ उघडा आणि ‘लिंक फेल्युअर काउंट’ वाचा. मोड १ म्हणजे एक चालू आणि एक राखीव, हा सर्वांत निर्धोक. मोड ० पॅकेटचा क्रम बिघडवतो, इंटरकनेक्टला नको. मोड ४ साठी स्विचवरही एलएसीपी (तारा एकत्र बांधण्याचा दोन्ही बाजूंचा करार) लावलेलं असायला हवं. आणि दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील तर स्विच बंद पडल्यावर बाँडिंग काही वाचवणार नाही.

तार निर्दोष निघाली तर: सीपीयू आणि मेमरी

नोड इतका दमला की हार्टबीट पाठवायलाच त्याला सवड नाही, तरी समोरच्याला वाटतं की तारच तुटली. क्लस्टर हेल्थ मॉनिटर किंवा ओएस वॉचरमध्ये घटनेआधीच्या दोन मिनिटांचे आकडे बघा. स्वॅपिंग सुरू झालं होतं का? रन क्यू (सीपीयूसाठी लागलेली प्रोसेसची रांग) सीपीयूच्या संख्येच्या कितीतरी पट होती का? आकड्यांमध्येच ३० सेकंदांचं भगदाड असेल, म्हणजे मॉनिटरलाही लिहायला वेळ मिळाला नसेल, तर मशीनच गोठलं होतं. मोठा एसजीए (डेटाबेसची सामायिक मेमरी) असून ह्यूजपेजेस (लिनक्सची मोठ्या आकाराची मेमरी पानं) लावलेले नसणं हे याचं नेहमीचं कारण. व्हर्च्युअल मशीनवर स्नॅपशॉट किंवा चालू मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवण्याच्या वेळाही जुळवून बघा.

शेवटी वाहतुकीची कसोटी. ‘आयपर्फ३’ ला यूडीपी, ‘-एल ८१९२’ आणि ५०० मेगाबिटचा वेग देऊन दोन्ही दिशांनी पाच-पाच मिनिटं चालवा, हरवलेल्या डेटाग्रामचा आकडा बघा. दोन्ही नोडवरचं क्लस्टर बंद असतानाच. कामाच्या वेळी ही चाचणी स्वतःच नोड पाडेल. इथे गळती दिसली आणि केबल, पोर्ट, बफर सगळं बघून झालं असेल तर कार्डाचा ड्रायव्हर, फर्मवेअर आणि मग कार्ड बदलणं उरतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुटलं ते कधीच कळणार नाही.

कुठे थांबायचं

‘मिसकाउंट’ म्हणजे ती ३० सेकंदांची मुदत वाढवू नका. नोड पडणं कमी होतं, म्हणून हा उपाय मोहात पाडतो. पण संपर्क तुटलेला असताना त्या नोडकडचे ब्लॉक मागणारी सगळी सेशन्स थांबलेली असतात. ३० चे ६० केले म्हणजे काउंटरवरच्या माणसाला दुप्पट वेळ ताटकळत ठेवलं. ओरॅकल सपोर्टने लेखी सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या पॅरामीटरनाही हाच नियम.

पुढच्यांपैकी काही दिसलं तर स्वतःचा तपास तिथेच थांबवा. व्होटिंग डिस्कच्या (कोणता नोड क्लस्टरमध्ये आहे ते ठरवणारी सामायिक डिस्क) किंवा २०० सेकंदांच्या डिस्क मुदतीच्या चुका: हा स्टोरेजचा प्रश्न आहे, स्टोरेजवाल्यांना बोलवा. ‘जीसी ब्लॉक्स करप्ट’ हा आकडा वाढणं किंवा ओआरए-१५७८: ताबडतोब सपोर्टकडे, आणि तोवर शेवटचा बॅकअप खरोखर रिस्टोअर होतो का ते तपासा. नोड आळीपाळीने रिबूट होत राहणं: एक नोड व्यवस्थित बंद करून दुसऱ्या एकावरच काम चालू ठेवा. एका नोडवर हळू चालणारा डेटाबेस दर तासाला पडणाऱ्या दोघांपेक्षा बरा. स्विचच्या सीआरसी चुका केबल आणि पोर्ट दोन्ही बदलूनही वाढत राहणं: नेटवर्क इंजिनिअर आणि सर्व्हर रूमचं अर्थिंग बघणारा इलेक्ट्रिशियन, दोघांनाही बोलवा.

सपोर्टकडे तक्रार नोंदवताना ‘टीएफएसीटीएल डायगकलेक्ट’ने दोन्ही नोडचे घटनेआधीच्या आणि नंतरच्या तासाचे लॉग गोळा करा. सोबत तुमचे दहा-दहा मिनिटांचे फरकाचे आकडे, स्विचच्या पोर्टचे आकडे आणि आजवर काय बदललं त्याची तारीखवार यादी जोडा. ही यादी नसेल तर पहिल्या उत्तरात तीच मागितली जाते, आणि त्यात एक दिवस जातो.